होडीलगतची झडप : मस्की माशाचा पाठलाग आणि पृष्ठभागावरील आमिष

उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातील माशांत मस्केलंज, अथवा रूढ संक्षेपाने मस्की, या माशाइतका मासेमाराच्या चिकाटीची परीक्षा पाहणारा मासा क्वचितच आढळेल. ‘दहा हजार फेकींचा मासा’ अशी त्याची ख्याती आहे. ही संख्या कोणी मोजून ठरविलेली नाही; तथापि तिच्यामागील अनुभव खरा आहे. प्राणिवर्तनाच्या अभ्यासकाला मात्र या ख्यातीपेक्षा तिच्यात दडलेली एक विसंगती अधिक लक्षणीय वाटावी. मस्की आमिषाकडे फिरकतच नाही, असे नव्हे. कित्येकदा तो आमिषामागून संथपणे पोहत थेट होडीपर्यंत येतो, काठीखाली क्षणभर थबकतो आणि तोंडही न उघडता खोल पाण्यात दिसेनासा होतो. भक्ष्याच्या मागे एवढे अंतर चालून आलेला भक्षक अखेरच्या हातभर अंतरावर माघार का घेतो, आणि त्याच जागी आमिषाला एक विशिष्ट वळण दिले असता पुष्कळदा झडप का घालतो, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर चालणाऱ्या आमिषांच्या बाबतीत हे प्रश्न अधिक बिकट होतात. म्हणून विवेचन मुख्यतः त्या आमिषांपुरते मर्यादित ठेवले आहे.

माशाची रचना

मस्कीचे शास्त्रीय नाव इसॉक्स मस्किनॉन्जी. सॅम्युएल मिचिल यांनी १८२४ मध्ये या जातीचे वर्णन केले. पाइक माशांच्या कुळातील ही सर्वांत मोठी जाती होय. सेंट लॉरेन्स नदी, पंचमहासरोवरांचा प्रदेश, मिसिसिपीचे वरचे खोरे आणि ओहायो नदीचे खोरे हा तिचा मूळ प्रदेश. विस्कॉन्सिन राज्याने १९५५ मध्ये तिला राज्यमत्स्याचा मान दिला. भारतातील नद्यांत या कुळाचा एकही मासा निसर्गतः आढळत नाही. त्यामुळे त्याच्या शरीररचनेचा थोडा परिचय करून देणे आवश्यक आहे.

मस्कीचे शरीर लांब व दंडगोलाकार असून त्याचा पृष्ठपक्ष व गुदपक्ष दोन्ही शेपटीच्या अगदी जवळ सरकलेले असतात. शेपटीचा फटकारा बसतो तेव्हा हे तिन्ही पक्ष मिळून जणू एकच रुंद वल्हे तयार होते. अशी रचना दीर्घकाळ वेगाने पोहण्यास सोयीची नसते. स्थिर अवस्थेतून एकदम उसळी मारण्यास मात्र ती अत्यंत अनुकूल असते. याच कुळातील पाइकच्या उसळीत गुरुत्वीय त्वरणाच्या दहापटीच्या घरातील त्वरण मोजले गेले आहे. डोळे डोक्यावर बरेच वर असून त्यांच्यापासून मुस्कटाच्या टोकाकडे उथळ खोबणी जातात, त्यामुळे समोरचे व वरचे त्याला चांगले दिसते. खालच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूस सहा ते नऊ सूक्ष्म छिद्रे असतात; पाइकला ती पाच किंवा त्याहून कमी असतात. दोन्ही जाती ओळखण्यासाठी या छिद्रांचा उपयोग केला जातो. परंतु ती केवळ ओळखीची खूण नव्हे. ती पार्श्वरेखा-संस्थेची मुखे आहेत आणि पाण्याच्या अतिसूक्ष्म हालचालीची वार्ता त्यांच्यावाटे मज्जासंस्थेस पोहोचते.

पाठलागाचे दोन टप्पे

मस्की भक्ष्य कसे पकडतो याचा एक महत्त्वाचा प्रयोग न्यू, फ्युक्स व खान या संशोधकांनी केला व तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. मस्कीसमोर लहान मासे सोडून त्याच्या हालचालींचे चित्रीकरण करण्यात आले; नंतर काही माशांची दृष्टी झाकून व काहींची पार्श्वरेखा रासायनिक उपायाने तात्पुरती बधिर करून त्यांच्या वर्तनाची तुलना करण्यात आली. त्यातून असे दिसून आले की, मस्कीच्या शिकारीचे दोन स्पष्ट टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात तो शरीराची कमीत कमी हालचाल करीत भक्ष्याच्या जवळ सरकतो. दुसऱ्या टप्प्यात शरीर वाकवून एकाएकी उसळी घेतो. भक्ष्य प्रथम हेरण्याचे काम दृष्टी करते. उसळी केव्हा घ्यावयाची हे ठरविण्यात दृष्टी व पार्श्वरेखा या दोहोंचा वाटा असतो. ज्यांचे दोन्ही डोळे झाकले होते, ते मासे भक्ष्याचा माग काढीतच नाहीत; मात्र भक्ष्य अगदी निकट आल्यास त्यावर झेप घेतात.

होडीमागून येणाऱ्या मस्कीचे वर्तन या निष्कर्षाच्या प्रकाशात पाहिले म्हणजे त्यातील विसंगती बरीचशी उलगडते. असा मासा आमिष नाकारीत असतो असे म्हणणे चुकीचे ठरेल. त्याचा पहिला टप्पा चालू असतो, दुसरा सुरू झालेला नसतो. आमिष एकाच वेगाने, एकाच दिशेने, एकच आवाज करीत पुढे जात असते आणि मागचा मासाही तेवढ्याच वेगाने अंतर राखून चालत असतो. या स्थितीत उसळीस निमित्त होईल असा कोणताही बदल घडत नाही. शेवटी मासेमार आमिष पाण्याबाहेर उचलतो. त्याबरोबर भक्ष्यच नाहीसे होते आणि अपुरा पाठलाग तिथेच संपतो. म्हणून होडीलगतच्या तंत्राचे सूत्र एका वाक्यात सांगावयाचे तर असे सांगता येईल : पाठलागाचे झडपेत रूपांतर करणारा बदल आमिषात घडवून आणावयाचा, परंतु तो घडविताना भक्ष्याचे अस्तित्व क्षणभरही खंडित होऊ द्यावयाचे नाही.

अंतराचाही येथे विचार केला पाहिजे. पाण्यात हलणाऱ्या लहान वस्तूभोवतीची निकटची हालचाल अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात क्षीण होत जाते. म्हणजे अंतर निम्मे झाले की तिचा प्रभाव आठपट होतो. यामुळे पार्श्वरेखेचा पल्ला सामान्यतः शरीराच्या एक-दोन लांबींपुरताच असतो. वीस मीटरांवरील आमिषाची खळबळ माशाच्या कानाला कळेल. मात्र पार्श्वरेखेला जाणवेल असे आमिष मीटर-दोन मीटरांच्या आतच असावे लागते. होडीजवळ मागचा मासा नेमका याच पल्ल्यात असतो.

पृष्ठभागावरील आमिष

पृष्ठभागावर चालणाऱ्या कृत्रिम आमिषांचे तीन प्रमुख प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात आमिषाचा मागचा भाग पंख्यासारखा फिरून पाण्यावर ठोके दिल्यासारखा आवाज करतो. दुसऱ्या प्रकारात काठीला लयबद्ध झटके दिले असता आमिष डावीउजवीकडे नागमोडी सरकते. तिसऱ्या प्रकारात दोन्ही बाजूंस धातूचे पंख असून आमिष पाण्यावर रांगत चालल्याचा भास होतो. तिन्हींत एक गोष्ट समान आहे. ही आमिषे तरंगती असतात आणि दोराच्या ओढीखेरीज त्यांना स्वतःची गती नसते. ओढ थांबली की आवाज थांबतो, आणि आवाज थांबला की भक्ष्य निर्जीव होते.

माशाच्या दृष्टीने या आमिषाचे दर्शनही वेगळे असते. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे पाण्याखालून वर पाहणाऱ्यास बाहेरचे जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूत सामावलेले दिसते. या शंकूने पृष्ठभागावर जे वर्तुळ आखले जाते त्याची त्रिज्या खोलीच्या सुमारे १.१३ पट असते. अर्ध्या मीटर खोलीवरील माशासाठी ती सुमारे ५७ सेंटिमीटर भरते. या वर्तुळाबाहेर पृष्ठभाग आरशासारखा असतो. तेव्हा एक मीटर मागून येणाऱ्या मस्कीला आमिषाचा पाण्यातील भाग व त्याचे प्रतिबिंब एवढेच दिसते. तो त्याच्या खाली आला म्हणजे तेच आमिष आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळ्या आकृतीसारखे उठून दिसते. मासा आमिषाच्या थोडा मागे आहे की खाली, यावर त्याला दिसणारी आकृती अवलंबून असते. होडीलगत आमिषाला वळविल्याने ही आकृती झपाट्याने बदलते, हा त्या वळणाचा एक परिणाम मानावयास हरकत नाही.

वळणाची क्रिया

आमिष होडीजवळ येऊ लागले की पहिली अडचण दोराच्या कोनाची येते. काठीचे टोक पाण्यापासून एक मीटर उंच धरले आहे असे समजा. दहा मीटर दोर पाण्यावर असताना तो पृष्ठभागाशी जेमतेम सहा अंशांचा कोन करतो. दोन मीटर दोर उरला की हाच कोन तीस अंश होतो. आमिषाचे तोंड वर उचलले जाते, मागचा पंखा पाण्यातून निसटतो, नागमोडी चाल बंद पडते. म्हणजे मासा सर्वांत जवळ असतो त्याच क्षणी आमिष बिघडते. यासाठी आमिष पाच-सहा मीटरांवर असतानाच काठीचे टोक खाली आणण्यास प्रारंभ करावा आणि शेवटच्या टप्प्यात ते पृष्ठभागास जवळजवळ टेकवावे. टोकापुढे हात-दीड हात दोर मोकळा राहील इतपतच रीळ फिरवावे. माशाच्या दातांपासून रक्षण करण्यासाठी दोराच्या शेवटी जोडलेला तारेचा तुकडा टोकाच्या कडीत अडकू देऊ नये.

यानंतरचे वळण मासेमारांमध्ये ‘आठाचा आकडा’ या नावाने प्रसिद्ध आहे. हा आठ देवनागरी नव्हे, इंग्रजी लिपीतील होय. एकास एक चिकटलेली दोन वेटोळी एवढाच त्याचा अर्थ. होडीच्या कडेला येताच आमिष न थांबविता बाजूला वळवावयाचे, रुंद वेटोळे पूर्ण करावयाचे, मध्य ओलांडून उलट दिशेचे दुसरे वेटोळे घ्यावयाचे आणि ही क्रिया तीन-चार वेळा तरी चालू ठेवावयाची. मासा दिसला नाही तरी प्रत्येक फेकीच्या अखेरीस ती करावी, कारण गढूळ पाण्यात व अंधारात पाठीमागचा मासा दिसत नाही.

वेटोळ्याची रुंदी हा या क्रियेचा गाभा होय. मासा १.२ मीटर लांबीचा आहे असे धरू. अर्ध्या मीटर व्यासाच्या वेटोळ्याचा परीघ सुमारे १.५७ मीटर होतो. तो माशाच्या लांबीपेक्षा जेमतेम अधिक आहे. अशा वर्तुळात त्याचे तोंड जवळजवळ स्वतःच्याच शेपटीला लागेल. संथ पाठलाग करणारा मासा इतके आखूड वळण घेत नाही. तो सरळ पुढे निघून जातो आणि आमिष त्याच्या दृष्टीआड होते. व्यास १.२ मीटर केल्यास परीघ सुमारे ३.७७ मीटर, म्हणजे माशाच्या लांबीच्या तिपटीहून अधिक होतो, आणि मासा त्या वाटेवर राहू शकतो. नऊ फूट किंवा त्याहून लांब काठी वापरण्याचा प्रघात याच कारणाने पडला आहे.

याच भूमितीतून वळणाचा दुसरा गुण दिसून येतो. वरील व्यासाच्या अर्ध्या वेटोळ्यात आमिष सुमारे १.८८ मीटर अंतर कापते. मासा मात्र आतून सरळ गेला तर त्याला १.२ मीटरच जावे लागते. वेग मुळीच न वाढविता त्याला अडुसष्ट सेंटिमीटरांचा लाभ होतो. एवढा वेळ एकसारखे राहिलेले अंतर एकाएकी तुटते, आमिष समोरून बाजूला येते, त्याची कूस माशापुढे उघडी पडते. दृष्टी व पार्श्वरेखा दोहोंना एकाच क्षणी बदल जाणवतो. वळणावर वेग किंचित वाढवावा, असे अनुभवी मासेमार सांगतात. त्याचेही कारण हेच असावे. निसटू पाहणाऱ्या भक्ष्याचा वेग वाढतो, कमी होत नाही. आमिष मंदावून माशाला ‘संधी’ देण्याची नवख्याची प्रवृत्ती म्हणूनच घातक ठरते.

आकृतीच्या निवडीविषयी मतभेद आहेत. आठाच्या मध्यावर वळणाची दिशा उलटते. आतल्या बाजूचा मासा एकदम बाहेरच्या बाजूस पडतो. लहान माशाला हे जमते, मोठा मासा मात्र तेथे आमिष गमावण्याचा संभव असतो. म्हणून फार मोठा मासा दिसल्यास आठाऐवजी एकाच दिशेचे लांबट वेटोळे काढीत राहावे, असे पुष्कळांचे मत आहे. पृष्ठभागावरील आमिषाबाबत आणखी एक प्रश्न उरतो : वळणावर ते पृष्ठभागावरच ठेवावे की काठीचे टोक पाण्यात बुडवून खाली ओढावे? खाली ओढल्यास वळण सुरळीत होते, परंतु माशाला ज्या आवाजाने ओढून आणले तो आवाज तुटतो. फिरत्या पंख्याचे आमिष पृष्ठभागावरच फिरते ठेवणे त्यामुळे अधिक सयुक्तिक वाटते. नागमोडी आमिषाची चाल मात्र वळणावर तशीही टिकत नाही; ते थोडे बुडवून सलग ओढण्यात हानी कमी आहे.

दिसणे आणि लागणे

पाण्याखालच्या आमिषावर झडप पडते तेव्हा मासेमाराच्या हाताला ती आधी कळते. पृष्ठभागावर हा क्रम उलटतो : डोळ्यांना दिसते ते हाताला लागण्यापूर्वीच. पाणी उसळलेले दिसताच हात आपोआप मागे ओढला जातो आणि माशाच्या तोंडात अद्याप न शिरलेले आमिष हवेत उडते. शिवाय खालून वेगाने येणारा मासा स्वतःपुढे पाणी ढकलीत येतो. हलके, तरंगते आमिष त्या लोटाने बाजूला सरकते व पहिली झडप चुकते. होडीलगत दोर अर्ध्या मीटरचाच असल्याने घाईची शिक्षा पूर्ण असते. आमिष पाण्याबाहेरच येते. नियम म्हणून सांगावयाचे तर, भार हाताला जाणवेपर्यंत वळण चालूच ठेवावे. झडप चुकली तरी आमिष हलत असेल तर मासा पुन्हा येण्याची शक्यता असते. भार जाणवल्यावर काठी वर न उचलता बाजूला, माशाच्या गतीच्या उलट दिशेला ओढावी. कारण वर उचलल्याने उघड्या तोंडातून आमिष निसटण्याचा धोका असतो.

पुराव्याचे मोल

येथवर दिलेल्या विवेचनात दोन प्रकारचे ज्ञान एकत्र आले आहे, आणि त्यांतील भेद विसरता कामा नये. शिकारीचे दोन टप्पे, दृष्टी व पार्श्वरेखा यांचे कार्य, या गोष्टी नियंत्रित प्रयोगातून आलेल्या आहेत. वळणाने झडप घडते, ही गोष्ट मासेमारांच्या दीर्घ अनुभवातून आलेली आहे. भूमितीने व भौतिकीने त्या अनुभवाची संगती लावता येते. पण संगती लागणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. जो मासेमार प्रत्येक फेकीनंतर वळण घेतो, त्याच्याजवळ वळण न घेतलेल्या फेकींची नोंदच नसते. वळणावर आलेली झडप ध्यानात राहते. वळणाने बिथरून परतलेला मासा दिसतही नाही. काही मासे वळण न घेताही, आमिष केवळ थांबविल्याने झडपले असते काय, याचे उत्तर अनुभव देऊ शकत नाही.

ही उणीव भरून काढणे अशक्य नाही. आधी ठरविलेल्या यादृच्छिक क्रमाने काही फेकींच्या अखेरीस वळण, काहींच्या अखेरीस सरळ उचल आणि काहींच्या अखेरीस विराम, अशी योजना करून पाठलाग करणाऱ्या प्रत्येक माशाची नोंद ठेवली पाहिजे. पूर्वी न दिसणारे मासे मोजणे शक्य नव्हते. २०१८ च्या सुमारास मासेमारांच्या हाती पाण्याखालील हालचाल तत्क्षणी दाखविणारी ध्वनिचित्रण-उपकरणे आली आणि ही अडचण पुष्कळशी दूर झाली. एका हंगामात थोडेच मासे दृष्टीस पडतात, हा अडथळा मात्र कायम राहील. नैसर्गिक पुनरुत्पादनावर टिकलेल्या पुष्कळ तलावांत एकरी एक प्रौढ मस्कीदेखील नसतो.

तंत्राची मर्यादा

ही विरळ संख्या या विषयाचा केवळ सांख्यिकी पैलू नाही. मस्कीची मादी प्रजननक्षम होण्यास पाच-सात वर्षे लागतात आणि काही मासे तीस वर्षांच्या घरात जगतात. अशा जातीत एका मोठ्या मादीचा मृत्यू ही तलावाची कित्येक वर्षांची हानी होय. १९६६ मध्ये मिनेसोटातील सेंट पॉल येथे स्थापन झालेल्या ‘मस्कीज इन्कॉर्पोरेटेड’ या संस्थेने पकडलेला मासा परत सोडण्याचा पुरस्कार केला आणि आज तो या क्षेत्रातील सर्वसाधारण आचार झाला आहे. परंतु सोडलेला मासा जगतोच असे नाही. तो जगावा यासाठी मोठ्या पिशवीचे जाळे, लांब पक्कड व गळाचे आकडे कापण्याचे हत्यार आधीच हाताशी असले पाहिजे. मासा शक्य तितका वेळ पाण्यातच ठेवला पाहिजे. होडीलगत पकडलेल्या माशाबाबत ही तयारी अधिकच अगत्याची असते, कारण तो दमलेला नसतो; अर्ध्या मीटर दोरावर, त्रिमुखी गळांसह, तो पूर्ण बळाने उसळतो आणि त्यात माशाला व माणसाला सारखीच इजा होऊ शकते.

सर्वांत गंभीर अडचण ऋतूची आहे. पृष्ठभागावरील आमिष उन्हाळ्यातील उबदार, संथ पाण्यात विशेष प्रभावी ठरते. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि त्याच वेळी झुंजीने थकलेल्या माशाची प्राणवायूची गरज वाढते. पाण्याचे तापमान सुमारे २७ अंश सेल्सियसच्या वर गेल्यास मस्कीची मासेमारी थांबवावी, असा संकेत जाणत्या मासेमारांनी याच कारणास्तव स्वीकारला आहे. ज्या दिवसांत झडप मिळविणे सर्वांत सुलभ, त्यांतीलच काही दिवस सोडलेल्या माशास सर्वांत घातक, अशी ही स्थिती आहे.

होडीलगतच्या वळणाचे खरे मर्म त्यामुळे दुहेरी आहे. मासा पाठलागाच्या कोणत्या टप्प्यात आहे हे ओळखून पुढील टप्प्यास अवसर देणे, हे त्याचे एक अंग. त्या टप्प्याचा शेवट माशाच्या मृत्यूत होणार असेल तर काठी न उचलणे, हे दुसरे. पहिल्या अंगासाठी पार्श्वरेखा व भूमिती यांचे ज्ञान लागते. दुसऱ्यासाठी साधा तापमापक पुरतो. होडीत पहिल्याची सामग्री विपुल असते. दुसरी वस्तूही तेथे असली, तरच हे तंत्र पुढील पिढ्यांतील माशांवर आजमावता येईल.